अब्रॉडमास्तरांचे अकरा महिने

एका शब्दावर तीस वर्षं पोट भरलेला माणूस मी पाहिला आहे. वकील हजारो शब्द वापरतात, डॉक्टर निदान औषधांची शे-दोनशे नावं पाठ करतात, आणि आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा हा गृहस्थ एका शब्दावर जेवला, मुलगी शिकवली, वर लोकांचे नमस्कारही घेतले. तो शब्द म्हणजे अब्रॉड. त्यामुळे त्यांना सगळी गल्ली अब्रॉडमास्तर म्हणायची. त्यांना वाटायचं, मानाने म्हणतात. अर्धी गल्ली खरंच मानाने म्हणायची, हीच तर तक्रार आहे माझी.

मी टपालखात्यात छत्तीस वर्षं काढली. शिक्षण म्हणाल तर गावच्या शाळेतलं. एक खोली, चार इयत्ता, एक गुरुजी, आणि गुरुजींना झोप लागली की चारही इयत्तांना सुट्टी. इंग्रजी मुळाक्षरं मी नोकरीत पत्ते वाचून शिकलो. पण पत्ते वाचून माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. नाव कितीही मोठं असो, खाली गाव, रस्ता आणि घर नसेल तर ते पाकीट कुठेही पोचत नाही. आता माझं आणि अब्रॉडमास्तरांचं का जमलं नाही ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांचा क्लास घरातच, पुढच्या खोलीत. आठ घडीच्या खुर्च्या, भिंतीलाच काळा रंग फासून केलेला फळा, टेबलावर एक लांब पट्टी. दारावर पाटी, ‘अब्रॉडसाठी इंग्रजी तयार करून मिळेल.’ परदेशी कामाला जाऊ पाहणारे वेल्डर, शिवणकाम करणाऱ्या बाया, बेकरीतले कारागीर, सगळे तिथे यायचे. जगाचा नकाशा मात्र त्या खोलीत नव्हता. मी एकदा टपालखात्याचा जुना नकाशा फुकट देऊ केला, तर म्हणाले, “भिंतीला ओल आहे.” ओल कसली? नकाशा लावला असता तर कुणीतरी त्यावर बोट ठेवून विचारलं असतं, मास्तर, तुम्ही ह्यात कुठे होता?

एक मान्य करतो. त्या शब्दाच्या बाबतीत माणूस तयार होता. ‘गो टू अब्रॉड’ असं कुणी म्हटलं की पट्टी टेबलावर फाडकन.

“जिन्याखालून मुलाला हाक मारताना काय म्हणता?” ते विचारायचे.

“वर जा.”

“वरला जा म्हणता का?”

“नाही मास्तर.”

“मग अब्रॉडला ‘टू’ कशाला चिकटवता? गो अब्रॉड! आणि राहतो कुठे? वर राहतो. वरमध्ये राहतो म्हणतं का कुणी? मग ‘इन अब्रॉड’ कुठून काढलंत? लिव्ह अब्रॉड! पण वरून आला असं म्हणतो की नाही? म्हणून कम बॅक फ्रॉम अब्रॉड, तिथे ‘फ्रॉम’ला परवानगी आहे.”

एक वेल्डर होता, मोठा गुणी पोरगा, त्याने वहीत लिहिलं होतं, अब्रॉड हा सुंदर देश आहे. मास्तर खुर्चीतून उठले. “वर हा सुंदर मजला आहे, असं म्हणशील? अरे, वर म्हणजे मजल्याचं नाव नाही, तसं अब्रॉड म्हणजे देशाचं नाव नाही!”

मी खालच्या खोलीत दाढी करत ऐकत होतो. वस्तरा हातातच राहिला. म्हटलं, हे बरोबर शिकवतोय. आणि दुसऱ्याच क्षणी हसू आलं, कारण ज्या माणसाने तीस वर्षं अब्रॉड हेच देशाचं नाव म्हणून वापरलं, तोच हे सांगत होता.

“मी अब्रॉड होतो तेव्हा,” असं त्यांचं दर तिसरं वाक्य सुरू व्हायचं. तिथे नळाला गरम पाणी येतं. तिथे माणूस रांगेत माणसाच्या अंगाला लागत नाही. तिथे चादर रोज बदलतात. चादरीचं फार सांगायचे. अकरा महिने राहिलो, म्हणायचे. कुठे, ते कधीच नाही, आणि कुणी विचारलंही नाही. लोकांना कसं असतं, अब्रॉड म्हटलं की मान खाली, पुढचा पत्ता कोण मागतो? मी सोडून.

आणि मला मागायची गरज नव्हती. मला ठाऊकच होतं.

त्याचं असं झालं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मास्तर, तेव्हा ते मास्तर नव्हते, नुसतेच बेकार होते, घर सोडून कामाला गेले. वहिनी तान्ह्या मुलीला घेऊन इथेच. दर महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं, मीच आणून द्यायचो. वहिनींना वाचता येत नाही. त्या दारात मुलीला कडेवर घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “टपालभाऊ, वाचा ना.” मग मी जिन्यात उभा राहून वाचायचो. शिक्का बंदराच्या गावाचा, इथून रेल्वेने चार तास. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात, जिथे परदेशी लोक उतरायचे, हे धुलाईखात्यात चादरी धूत होते. ‘सोड्याने हात सोलवटले आहेत. आज दोनशे चादरी झाल्या. मुलीचा दात आला का ते कळव.’ अशी अकरा पोस्टकार्डं.

खरं सांगू? पोस्टकार्डातला तो माणूस मला आवडायचा. साधा होता, रडका होता, पण खरा होता. परत आला तो दुसराच कुणीतरी. ऐन उन्हाळ्यात स्टेशनवरून चालत आला तो जाड, करडा ओव्हरकोट घालून. कुणीतरी पाहुणा हॉटेलात विसरून गेलेला, व्यवस्थापकाने ह्यांना दिलेला. गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याने तो कोट पाहिला आणि विचारलं, “काय राव, फॉरेनहून आलात काय?”

घामाने निथळत होता बिचारा. “हं,” म्हणाला.

झालं. त्या एका ‘हं’वर तीस वर्षं उभी राहिली. कोटाच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याने २१४ असा आकडा शिवलेला होता. धुलाईखात्यात कपडे मिसळू नयेत म्हणून खोलीचा नंबर शिवतात, तो. मास्तर लोकांना सांगायचे, तिथल्या शिंप्याचा नंबर आहे, तिथे प्रत्येक शिंप्याला सरकार नंबर देतं. लोक कॉलर उलटून बघायचे आणि माना डोलवायचे! माणसाच्या भोळेपणालाही काही हद्द असावी, पण नसते.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला ठाऊक होतं तर तुम्ही बोलला का नाही? टपालवाल्याने वाचलेलं बोलायचं नसतं. नोकरीत लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी एवढंच सांगितलं होतं. पोस्टकार्ड उघडं असलं तरी आपलं तोंड बंद. छत्तीस वर्षं ते घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं सांभाळलं. वहिनींनीही सांभाळलं. त्या एकदाच म्हणाल्या होत्या, “असू दे हो भाऊ. त्या कोटात ते ताठ चालतात.”

एक पाकीट मात्र माझ्या टेबलावर आलं, ते सांगतो. बेकरीवाल्याची बायको ह्यांच्या क्लासला होती. तिचा भाऊ खरोखरचा परदेशी गेलेला. मास्तर पत्रलेखन शिकवायचे, त्यात फळ्यावर नमुन्याचं पाकीट काढायचे. वर काकांचं नाव, खाली ठसठशीत ‘अब्रॉड’. त्या बाईने तसंच पाकीट लिहिलं. भावाचं नाव, खाली अब्रॉड, आणि तिकीट लावून पेटीत टाकलं! वर्गीकरणाच्या टेबलावर आम्ही सात जण आळीपाळीने ते पाकीट हातात घेत होतो. मी ते घेऊन सरळ वरच्या मजल्यावर गेलो.

“मास्तर, हे कुठे पोचवू?”

त्यांनी चष्मा लावला, पाकीट डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं. मग माझ्या हातात परत देत म्हणाले, “स्पेलिंग बरोबर आहे.”

आता अशा माणसाला काय म्हणावं? पाकीट खिशात घातलं. बाईकडे गेलो, भावाचा पत्ता घेतला आणि माझ्या अक्षरात लिहून पाठवलं.

पुढे मुलगी मोठी झाली. ती मात्र आईच्या वळणावर गेलेली, कमी बोलणारी. परिचारिका झाली, आणि बापाला न विचारता, बापाचं एकही वाक्य न वापरता, अर्ज करून खरोखरची परदेशी गेली. तिथेच लग्न केलं. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा वहिनी इथे जिन्यात बसून होत्या, तीन दिवस, जेवायला वर जाईनात. म्हणायच्या, “भाऊ, पोरगी तिथे एकटी पडलीय, आणि मी इथे कांदे चिरतेय.”

म्हणून दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मुलीने दोघांना बोलवायचं ठरवलं. व्हिसाचे सगळे अर्ज तिने तिथून कॉम्प्युटरवर स्वतः भरले. कागद छापून आले ते वहिनी माझ्याकडे घेऊन आल्या, कारण वरती वाचून घेण्यात अर्थ नव्हता. तिथे वाक्यं दुरुस्त झाली असती, मजकूर कळला नसता. मी एकेक रकाना वाचून दाखवला. ‘यापूर्वी परदेश प्रवास’ असा रकाना होता. दोघांच्याही कागदावर मुलीने लिहिलं होतं, नाही.

वहिनींनी तिथे बोट ठेवलं. “हे तोंडीही विचारतील का हो?”

“विचारतील.”

“मग तुम्ही ह्यांच्याशी बोला. मला त्या पोरीच्या बाळंतपणाला पोचायचंय, भाऊ. ह्या खेपेला मला पोचायचंच आहे. बाकी माणसाने काय म्हणून मिरवावं ते मिरवू दे.”

मी जिन्यातच गाठलं मास्तरांना. “मास्तर, कागदावर ‘नाही’ आहे. काउंटरवर तोंडानेही ‘नाही’च म्हणा. एक शब्द. दोन अक्षरं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दारातलं पायपुसणंच बोलायला लागलं होतं. “तुम्ही पोस्टमन माणूस. मुलाखतीचं इंग्रजी तुम्हाला काय कळणार?”

“इंग्रजीचं नाही बोलत, खऱ्याचं बोलतोय.”

“ते आम्ही बघू,” म्हणाले आणि वर गेले. कोट घेऊन. कोट धुवायला टाकला होता ना, खास मुलाखतीसाठी.

आणि शहाणपणा बघा. क्लासातल्या चार विद्यार्थ्यांच्याही मुलाखती त्याच व्हिसाच्या कचेरीत लागायच्या होत्या. मास्तरांनी खटपट करून चौघांच्या तारखा आपल्याच दिवशी घेतल्या. का? तर, “मी कसा बोलतो ते ऐका, आणि तसंच म्हणा.” स्वतःच्या मुलाखतीला स्वतःचा वर्ग घेऊन निघालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. वहिनींनी मला चला म्हटलं, म्हणून मीही गेलो. पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं.

कचेरी शहरात. मोठा हॉल, बाकांच्या रांगा, समोर काचेच्या खिडक्या. काचेपलीकडे अधिकारी, आणि मध्ये माईक. त्या माईकची गंमत अशी की पलीकडचा माणूस हळू बोलला तरी अख्ख्या हॉलला ऐकू यायचं. खिडकीच्या अलीकडे एक दुभाषी मुलगी उभी असायची, ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी. चार विद्यार्थी दुसऱ्या बाकावर वह्या घेऊन बसले, मी त्यांच्या मागे, पिशवी मांडीवर.

नंबर लागला. मास्तर आणि वहिनी खिडकीशी गेले. काचेपलीकडे एक तरुण बाई होती, केस मागे बांधलेले, चेहरा दमलेला. दुभाषी मुलगी पुढे झाली तर मास्तरांनी तिला हाताने बाजूला केलं. “मला लागत नाही. हिला विचारा.”

पहिले प्रश्न सोपे होते. नाव, वय, मुलगी काय करते. मास्तर दर उत्तराआधी कोटाची बाही झटकायचे. “माय डॉटर लिव्हज अब्रॉड.” मागे वह्यांवर पेन्सिली चालू. मग त्या बाईने कागद उलटला आणि विचारलं,

“हॅव यू एव्हर बीन अब्रॉड, सर?”

तीस वर्षं हा माणूस ह्या प्रश्नाची वाट बघत होता. गल्लीत कुणी विचारला नाही, न्हाव्यानंतर कधीच कुणी विचारला नाही, आणि आता सरकारी माईकवर, चार विद्यार्थ्यांसमोर, साक्षात गोऱ्या बाईने विचारला. मी मागून बघत होतो. वहिनींनी त्यांचा कोट धरला होता, कोपरापाशी.

मास्तरांनी घसा साफ केला. “येस, मॅडम. आय हॅव बीन अब्रॉड. आय लिव्ह्ड अब्रॉड फॉर इलेव्हन मन्थ्स.”

कबूल करतो, टू नव्हता, इन नव्हता. एक अक्षर चुकलं नाही. माझ्या पुढच्या बाकावर वेल्डरने ते वाक्य लिहून घेतलं.

बाईने कागद पाहिला. पुन्हा पाहिला. म्हणाली, इथे तर ‘नाही’ लिहिलंय. मग विचारलं, “व्हिच कंट्री?”

कोणता देश. एवढा साधा प्रश्न! चौथीतलं मूल चार नावं सांगेल. पण मास्तरांच्या तोंडाला देश कधी लागलाच नव्हता. त्यांनी मान वर केली, खाली केली. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

“अब्रॉड, मॅडम,” मास्तर म्हणाले.

वेल्डरची पेन्सिल थांबली.

वहिनींनी दुभाषी मुलीला विचारलं, “काय बोलले हे?” तिने सांगितलं. वहिनींनी कोट सोडला. मग काचेकडे तोंड करून, दुभाषी मुलीकडेही न बघता, मोठ्याने म्हणाल्या, “नाही. कुठे गेले नाहीत हे. मीही नाही. कागदावर लिहिलंय तेच खरं.”

चादरींचं त्यांनी काढलं नाही. बंदराचं, हॉटेलचं, काही नाही. तिथेसुद्धा नवऱ्याचं तेवढं झाकून ठेवलं त्या बाईने. दुभाषी मुलीने ते इंग्रजीत सांगितलं.

आणि त्या गोऱ्या बाईचं मन मोठं म्हणायचं. तिने कागद बाजूला ठेवला, पुढे वाकली आणि सावकाश म्हणाली की सर, माणूस गडबडतो, मी पुन्हा एकदा विचारते. विचारलंही. तोच प्रश्न, तेच शब्द. अहो, जगात कुणाला दुसऱ्यांदा विचारतात? आम्ही टपालवाले चुकीचं पाकीट एकदाच परत करतो!

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बाकाकडे. चार वह्या, चार पेन्सिली, आठ डोळे. त्यांच्या शेजारी जी उभी होती तिच्याकडे पाहिलं नाही. मी मागून हाताने खूण केली, बोटाने ‘नाही, नाही’ केलं, लहान मुलाला करतात तसं. माझ्याकडेही पाहिलं त्यांनी. मग वळले, कॉलर नीट केली, ती २१४ वाली, आणि म्हणाले,

“येस, मॅडम. आय हॅव बीन अब्रॉड.”

त्यांना गुलाबी चिठ्ठी मिळाली. गुलाबी म्हणजे नाही.

वहिनींना दुभाषीमार्फत विचारलं, तुम्ही एकट्या जाल का? त्या बाजाराच्या पलीकडे कधी एकट्या गेलेल्या नाहीत, बसचा आकडा त्यांना लोक वाचून सांगतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. “पत्ता नीट असला की पोचेन,” म्हणाल्या. त्यांना पांढरी मिळाली.

त्यांच्यानंतर वेल्डरचा नंबर होता. त्यालाही तोच प्रश्न. “नो, मॅडम,” म्हणाला, बस्स. पांढरी घेऊन आला. परत येताना मास्तरांच्या बाकाजवळून गेला आणि वही पिशवीत खाली, डब्याच्याही खाली घातली.

परतीचा बसचा प्रवास दोन तासांचा. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल. उतरायच्या थांब्याच्या जरा आधी मास्तर म्हणाले, “त्या बाईचं इंग्रजी कच्चं होतं.”

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

मग जायच्या तयारीला मी लागलो, दुसरं कोण लागणार? मी एक जाड पुठ्ठा घेतला, पोस्टकार्डाएवढा. त्यावर इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, मुलीचं नाव, घराचा आकडा, रस्ता, गाव, देश, टपालाचा आकडा, फोन. मुलगी गेली त्याच्या पहिल्या वर्षी तिची पत्रं मीच वाटली होती, तेव्हापासून पाकिटाच्या मागचा पत्ता मला पाठ. मागच्या बाजूला, ‘मला वाचता येत नाही. कृपया पुढे पाठवा.’ पुठ्ठ्याला भोक पाडून दोरी ओवली आणि वहिनींच्या गळ्यात घातली.

“मी पार्सल झाले की हो भाऊ!” त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी.

“रजिस्टर्ड पार्सल,” मी म्हटलं. “हरवलं तर खात्याची अब्रू जाते.”

दोन विमानं बदलून, एका अनोळखी जोडप्याच्या, एका पोलिसाच्या आणि एका सफाई करणाऱ्या बाईच्या हातून त्या बरोबर त्या रस्त्यावर, त्या घराच्या दाराशी पोचल्या. बाळंतपणाला नऊ दिवस राहिले होते. मुलगा झाला. दोघंही सुखरूप. फोन पहिला माझ्याकडे आला, हे मी मुद्दाम सांगतोय.

आणि मास्तर? त्यांनी क्लास चालू ठेवला. आठ खुर्च्यांतल्या तीन भरायच्या. फळ्यावर मात्र एक नवं वाक्य आलं. मी खालून ऐकायचो, ते पोरांकडून दहा-दहादा म्हणवून घ्यायचे, “माय वाइफ इज अब्रॉड.” तीस वर्षांत त्या फळ्यावर चढलेलं ते पहिलं खरं वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर.

वहिनी त्यांच्याशी फोनवर बोलत नव्हत्या. मुलगी म्हणायची, “आई बाळाला न्हाऊ घालतेय,” आणि ठेवून द्यायची. बाळ दिवसातून सहादा न्हायचं बहुतेक. शेवटी मास्तरांनी पत्र लिहिलं. एके दुपारी खाली आले, हातात पाकीट. अक्षर सुरेख, ते मान्य. वहिनींचं नाव लिहिलेलं, देशाचं नाव लिहिलेलं, कारण ते कचेरीच्या दारावरच होतं. मधली जागा कोरी.

“गाव कोणतं हो ते?” म्हणाले. आवाज असा, जणू सहजच आठवत नाहीये.

मुलीला जाऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षं हा बाप सांगत होता, माझी मुलगी अब्रॉड असते. पाकीट उलटून मागे कधी पाहिलं नव्हतं. आणि आता मुलीला विचारायची सोय नाही, बापाला पत्ताही ठाऊक नाही हे तिला कळलं असतं.

मी खुर्ची पुढे ओढली. “सांगतो. आधी तुम्ही सांगा. ते अकरा महिने कुठे होता?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तुम्ही सांगा.”

गेले उठून. आठ दिवस फिरकले नाहीत. पाकीट त्यांच्या टेबलावर पट्टीखाली पडलेलं मी येता-जाता दारातून बघत होतो. नवव्या दिवशी आले. कोट नव्हता. कोटाशिवाय किती बारीक आहे हा माणूस, ते मला त्या दिवशी कळलं.

“बंदराच्या गावाला,” म्हणाले. “हॉटेलात. धुलाईखात्यात.”

“काय करत होता?”

“चादरी.”

“जरा मोठ्याने, मास्तर. माझा एक कान गेलाय.”

“चादरी धूत होतो!” ओरडले. वरच्या खोलीत बसलेल्या तिघांनी ऐकलं असेल तर मला ठाऊक नाही.

मी पेन दिलं आणि पत्ता सांगितला. घराचा आकडा, मग रस्ता, मग गाव, मग टपालाचा आकडा. ते खाली मान घालून लिहीत होते, शाळेतल्या मुलासारखे, आणि मी प्रत्येक शब्द दोनदा म्हणवून घेतला. तिकीट लावलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

“टपालभाऊ,” म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा मला भाऊ म्हणाले. “ते चादरींचं कुणाला सांगू नका हं. तुमच्या खात्याचा नियमच आहे ना तो.”

“आहे की,” मी म्हटलं. “पण मास्तर, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.”